डावी करंगळी

टेबलाखालून अर्धा बाहेर आलेला समरजीत फाळके मोबाईल कानाशी धरून इंदूरच्या हेड ऑफिसातल्या साहेबांशी भांडत होता.

"साहब, केबल एक-एक बदलके देखी है. स्विच अपने आप बंद नहीं होता, कोई उसका प्लग खींचता है. कॉरिडॉर में आपका कॅमेरा लगा है, देख लीजिए कौन जाता है उस कमरे में."

"देखते हैं," दिग्विजयसिंह म्हणाले आणि फोन बंद झाला.

समरजीतला बरं वाटलं. महिनाभर ऐकून घेत होता, आज एकदाचं सुनावलं.

नाव बघा, समरजीत. पणजोबा फौजेत घोड्यावर होते म्हणे, त्या तोऱ्यात ठेवलेलं. आणि हा गडी पन्नाशीला टेकला तरी लोकांच्या टेबलांखाली रांगत वायरी चाचपतोय. जयेंद्रगंजातल्या या विमा कंपनीच्या शाखेतलं नेटवर्क त्यानेच उभं केलं होतं. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी ज्या एका डब्यात येऊन मिळतात, तो. मागच्या फायलींच्या खोलीत भिंतीवर बसवलेला. महिनाभर रोज दुपारी तो डबा मरत होता आणि थोड्या वेळाने आपोआप जिवंत होत होता. समरजीतने वायरी बदलल्या, सेटिंग पुसून नव्याने केली, दोन मशीनांना चुकून एकच नंबर दिला गेलाय का तेही तपासलं. बोलावणं आल्यावर दाल बाजारातून स्कूटर हाणत पोचावं, तर डबा लुकलुकत बसलेला, जसं काही झालंच नाही. शेवटी काल रात्री त्याला उमगलं की डबा बिघडत नाही, त्याची वीजच जाते.

"दादा, आज फायनल सांगा," केबिनच्या दारातून हर्षिता म्हणाली. शाखेची मॅनेजर, वयाने त्याच्या पुतणीएवढी. "इंदूरवाले म्हणतात, आज फॉल्ट नाही मिळाला तर कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या पार्टीला. मी तरी किती दिवस तुमची साइड घेऊ? क्लेमवाले समोर बसलेत, और सिस्टम बंद."

"आज मिळेल, मॅडम."

मिळायलाच हवा होता. दाल बाजारातल्या ज्या दुकानांची कामं तो करायचा, त्यांचा कारभार केव्हाच मोबाईलवर गेला होता. धड म्हणावं असं हे एकच ऑफिस त्याच्या हाती उरलं होतं, आणि तेही गेलं तर घरी काय सांगायचं?

जेवणाच्या सुट्टीत सगळी मंडळी डबे उघडून बसली, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "लो, फिर गया." समरजीत धावतच मागच्या खोलीकडे गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कसली तरी घरघर चालली होती.

फायलींच्या गठ्ठ्यांआड, फरशीवर पोतं अंथरून मंदाताई बसल्या होत्या. नाकातोंडावर प्लास्टिकचा मास्क, त्यातून पांढरी वाफ निघत होती. मांडीवर ते वाफेचं मशीन, आणि त्याची वायर गेली होती थेट स्विचच्या सॉकेटमध्ये. स्विचचा प्लग बाजूला लोंबत होता.

मंदाताई म्हणजे ऑफिसचं झाडूपोछा आणि चहा. राहायला किला गेटला. समरजीतच्या आईच्या मैत्रीण. आई गेल्यापासून तो आला की त्याच्यासाठी चहात आठवणीने आलं जास्त घालणाऱ्या. त्यांनी डोळ्यांनीच त्याला थांब म्हटलं, वाफ संपू दिली, मग मास्क काढला.

"कोणाला बोलू नको रे समर. डॉक्टर बोलले, दुपारी पण भाप घ्यायची. ह्या थंडीत श्वासच पुरत नाही."

"ताई, पण इथे?"

"मग कुठे? तिकडे केटलीपाशी सगळ्यांच्या समोर? मागे खोकला झाला तर मॅडमने चार दिवस चहा नव्हता देऊ दिला. ठेकेदाराला कळलं की मी आजारी, तर तो ठेवेल का मला?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "ह्या खोलीत हे एकच बटण चालतं. तो डबा नुसता लुकलुकत असतो, त्याच्याकडे कोणी बघत पण नाही. काढते आणि मग परत लावून ठेवते. रोज, बिलकुल पहिल्यासारखं."

सॉकेटवर समरजीतनेच चिकटवलेली चिठ्ठी होती. हा प्लग काढू नये, अशी. इंग्रजीत. मंदाताईंशी तो आयुष्यभर मराठीत बोलत आला होता, आणि ज्या खोलीत त्यांच्याखेरीज कोणाचं पाऊल पडत नव्हतं, तिथे त्याने इंग्रजीत लिहून ठेवलं होतं. त्याला स्वतःचीच चीड आली.

त्याने बॅगेतून एक्स्टेन्शन बोर्ड काढला, स्विच आणि वाफेचं मशीन दोन्ही त्यावर लावता येतील असा भिंतीला ठोकला. झालं. महिनाभराचं दुखणं संपलं. बाहेर येऊन त्याने घाईघाईने इंदूरला फोन लावला.

"साहब, फॉल्ट मिल गया. अडॅप्टर खराब था, बदल दिया. वो कॅमेरे का रहने दीजिए."

"अरे फाळकेजी, वो तो देख लिया," दिग्विजयसिंह खुशीत होते. "आपने सही कहा था. रोज वही बाई थैली लेकर अंदर जाती है, और उसके बाद स्क्रीन काली. मॅडम को बोल दिया है. आपका कॉन्ट्रॅक्ट पक्का."

कॅमेऱ्याची वायरही त्याच स्विचमधून जात होती, आणि ती समरजीतनेच ओढली होती. तो तडक केबिनकडे गेला.

"मॅडम, मंदाताईंना माहीत नव्हतं. आता बोर्ड लावलाय, परत नाही होणार. माझ्या जबाबदारीवर ठेवा."

"दादा, मला काय आनंद होतोय का?" हर्षिताने वर पाहिलं नाही. "पण महिनाभराचे क्लेम अडकलेत. इंदूरने सीधा ठेकेदारालाच फोन केला. माझ्या हातात आता काही नाही." मग म्हणाली, "त्यांचं बोट काढून टाका हजेरीच्या मशीनमधून. आजच. इंदूरला फोटो पाठवायचाय."

दाराजवळच्या त्या मशीनची गोष्ट. ते आलं तेव्हा मंदाताईंचा अंगठा ते घेईना. भांडी आणि फिनेल यांनी बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या. समरजीत त्यांच्यासोबत बसून एकेक बोट टेकवून बघत होता. शेवटी डाव्या करंगळीला मशीनने हिरवा दिवा दाखवला, तेव्हा मंदाताई पदरात तोंड लपवून हसल्या होत्या. ते मशीन 'थँक्यू, थँक्यू' करायचं म्हणून हर्षिताने त्याचा आवाज बंद करायला लावला होता. तेव्हापासून नुसता हिरवा नाहीतर लाल दिवा.

"संध्याकाळी काढतो. त्या गेल्या की."

"आत्ता, दादा. प्लीज."

ती शेजारी मोबाईल धरून उभी राहिली. मशीनने विचारलं, नक्की काढायचं का. समरजीतने हो दाबलं. मंदाताईंचं नाव गेलं, खालची नावं एकेक पायरी वर सरकली.

मंदाताईंनी त्यानंतरही सगळे कप धुतले. पुसून, पालथे घालून ठेवले. मग थैलीत वाफेचं मशीन भरून त्या दाराशी आल्या.

"मॅडम बोलली, तूच सांगितलं कॅमेरा बघायला."

"ताई, मला खरंच माहीत नव्हतं..."

"तुला कसं माहीत असणार. मी पण कुठे विचारलं तुला, ही कशाची वायर म्हणून." त्यांना दम लागला, दाराला धरून थोडं थांबल्या. "तुझं काम राहिलं ना?"

"राहिलं."

"बरं झालं बाबा. तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी."

समरजीतला वाटलं, यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

मंदाताईंनी डावी करंगळी पदराला पुसली आणि सवयीने काचेवर टेकवली. लाल. पुन्हा पुसली, पुन्हा टेकवली. लाल.

"बघ ना रे समर. आज पण नखरे करतंय. उद्यापासून यायचं नाही ते ठीक, पण आजचा दिवस तर लागला पाहिजे."

समरजीत जवळ गेला. पहिल्या दिवशी धरली होती तशी त्याने त्यांची करंगळी आपल्या बोटांत धरली, काचेवर हलकेच टेकवली, आणि दुसरा तळहात दिव्यावर आडवा ठेवला.

"लागली, ताई."

"लागली ना? नक्की?"

"हो."

त्या थैली सावरत जिना उतरू लागल्या. दोन पायऱ्या, मग श्वास, मग पुन्हा दोन पायऱ्या. समरजीतचा हात दिव्यावरून निघाला नाही. खाली रस्त्यावर त्यांचा खोकला ऐकू येईनासा झाला, तरी तो तसाच उभा होता.