पाटाचा शिळा रविवार

गिरजाबाईंच्या फोनात दडलेला सर्व्हिस वर्कर बोलतोय मी. सरळ नोकर म्हणा. पेणच्या सर्व्हरवर वेबसाईटची पानं शिजतात. त्यांची एकेक प्रत मी जपून ठेवतो आणि रेंज गेली की तीच वाढतो.

जन्म माझा निडी स्टेशनावरचा. गिरजाबाईंनी पेणच्या एका गणपती कारखान्याचं पान उघडलं, त्याबरोबर मी फोनात उतरलो. तेव्हा मान होता. बाईंच्या वाडीत रेंजचा पत्ता नसे, तरी मी मूर्ती अशा झटक्यात दाखवायचो की पायाशी बसलेला उंदीर दचकून बाजूला व्हायचा.

मग वेबसाईटवाल्या निलेशला वेगाची हाव सुटली. कारखान्याचे मालक दिनानाथ यांच्यापुढे मिरवायला त्यानं मला बजावलं, "जवळचंच दाखव. सर्व्हरला विचारत बसू नकोस." म्हणजे चुलीवर भात ताजा, आणि मी वाढायचा परवाचा, आंबलेला. शिसारी आली. पण पडलो नोकर.

इथे घरचा पाट कारखान्यात देतात, दरवर्षी त्याच पाटावर गणपती घडतो. गिरजाबाईंचा पाट सासूच्या सासूपासूनचा. रोह्याकडचे पाट न्यायला टेम्पो रविवारी यायचा होता, त्याचा दिवस शुक्रवारवर आला. सर्व्हरवर पान बदललं. स्टेशनावर भरपूर रेंजमध्ये बाई पान उघडत राहिल्या, तरी मी रविवारच वाढत राहिलो.

रविवारी त्या पाट डोक्यावर घेऊन उभ्या. टेम्पो कधीच येऊन गेलेला. तशाच गाडीत बसून त्यांनी पेण गाठलं.

"मावशी, रिफ्रेश करायचं ना," निलेश म्हणाला.

विटलेलं वाढलं यानं, आणि वर जेवणाऱ्यालाच विचारतो, तुला नाक नाही का.

"मला काय ठाव रं? तुज्या पानावर रविवार हाय, मी रविवारी आले."

"आता रांग भरली. पाटावर मूर्ती नाय व्हायची, मावशी," दिनानाथ म्हणाले. "तयार मूर्ती न्या."

"आनि या पाटाला काय सांगू? यंदा तू रिकामा बस?"

दिनानाथांनी आपल्या नव्या फोनात पान उघडलं आणि तो बाईंच्या फोनाशेजारी धरला. एकात शुक्रवार, एकात रविवार. ते निलेशकडे वळले. "तुझ्या घरचा पाट रांगेत हाय ना? तो खाली काढ. तिथं मावशींचा ठेव."

निलेशचं तोंड ओल्या शाडूसारखं बसलं.

गणपती पाटावर घरी आला. निलेशनं नवा नोकर लिहिला, आधी सर्व्हरला विचारणारा. तो या फोनात येऊन दाराशी ताटकळतोय. जुनं पान बंद झालं की मी मरणार, मग तो आत येणार. पण बाई बंद करतील तर शपथ. येईल त्याला माझा रविवार दाखवतात, "ह्यो बग पुरावा."

गिरजाबाय, गणपती येऊन गेले. हा आंबूस वास आता मलाच सोसवत नाही. तेवढं पान बंद कर गो.