वचनांचे आकडे

चित्रपट होता काही शतकांपूर्वीच्या एका प्रोटेस्टंट धर्मसुधारकावर, आणि त्यात इतिहासाच्या चुका राहू नयेत म्हणून मला बोलावलं होतं. मी जन्मभर ग्रंथालयात काम केलेला माणूस. इतिहासकार वगैरे नव्हे. माझी लेक दिग्दर्शकाची सहायक होती आणि हा तिचा पहिलाच चित्रपट. "आमच्या बाबांना विचारा, बसल्या जागी सांगतील," असं तिनेच तिथे सांगून ठेवलं होतं.

त्या दिवशी धर्मसभेचा प्रसंग होता. धर्मगुरू सुधारकाला बजावतात, लिहिलंस ते मागे घे. तो घेत नाही. नायकाने त्यासाठी ख्रिस्ती साधूंसारखे टाळूवरचे केस भादरून घेतले होते. तीन पानी भाषण त्याने एका दमात म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मधेच माझे हात थांबले.

"तिसरा अध्याय, अठ्ठाविसावं वचन," असं तो म्हणाला होता. त्या काळच्या बायबलमध्ये अध्याय होते, पण वचनांना आकडे नव्हते. ते पुढे कित्येक वर्षांनी पडले. आणि हे वाक्य चित्रपटाच्या मूळ संहितेत नव्हतंच. 'भाषण पोकळ वाटतंय, एखादा दाखला द्या ना,' असं लेक म्हणाली, तेव्हा मीच घरच्या बायबलमधून ते उतरवून दिलं होतं. आकड्यासकट.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं.

"कुणाला कळणार आहे, बाबा?"

"ज्याला कळेल तो हसेल."

"आणि हे तुम्हाला आत्ता आठवलं? उद्या सेट मोडणार आहेत!" तिचा चेहरा उतरला. पण ती माझीच लेक. तडक दिग्दर्शकाकडे गेली. मी मागोमाग.

"हे घुसडलं कुणी?" त्याने विचारलं.

"मी," ती म्हणाली. "बाबांना न दाखवता."

मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा.

"म्हणून म्हणतो, अर्ध्या हळकुंडाने पिवळं होऊ नये. जा, बाहेर बस. पुढचं पुढे बघू." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही होतात म्हणून अब्रू वाचली."

मी मान हलवली. ती होकारार्थी नव्हती, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

पुन्हा दिवे लागले. नायकाला घाम फुटला होता. रंगभूषावालीने तो टिपला. "शांतता!" कुणीतरी ओरडलं. भाषण सुरू झालं. मनात ठरवलं, हे संपलं की सांगायचं. मग वाटलं, जेवणाच्या सुट्टीत सांगू. मग वाटलं, चिठ्ठी लिहू. मी स्वतःला ओळखून आहे. अशा चिठ्ठ्या माझ्या पुस्तकांत कितीतरी पडून आहेत.

"साहेब," मी म्हणालो, "तो आकडा मी दिला होता. तिने नाही."

नायक बोलता बोलता थांबला. कॅमेऱ्यामागून कुणीतरी कपाळावर हात मारलेला ऐकू आला.

"पुन्हा पहिल्यापासून?" नायकाने हताशपणे विचारलं.

दिग्दर्शक ओरडला नाही, हेच वाईट. "काका," तो म्हणाला, "घरी जा. तिलाही घेऊन जा."

लेक बाहेर एका खोक्यावर बसली होती. दार उघडंच होतं. तिने सगळं ऐकलं होतं.

"शॉट चालू असताना बोलतात का कुणी?"

"थांबलो असतो तर बोललोच नसतो गं."

"संध्याकाळपर्यंत मी त्यांची समजूत घातली असती. ते ओरडतात आणि विसरतात. आता माझ्या बापाने त्यांचा शॉट नासवला, हे कोण विसरेल?"

ती उठली, पिशवी खांद्याला लावली.

"तुम्हाला आता मोकळं वाटत असेल, नाही?"

"नाही," मी म्हणालो. पण थोडंसं वाटत होतं.