एका बोटाला एक तास

मित्रांनो, कपाटाच्या डोक्यावर जुन्या उशांशेजारी धुळीने माखलेला जो जुना पृथ्वीगोल दिसतो ना, तो मीच. माझ्या पोटात नुसती हवा आहे आणि खरं सांगायचं तर थोडी जळजळ.

पुठ्ठ्याच्या दोन वाट्या चिकटवून मला घडवलं. या घरात आलो तो लेकीच्या अभ्यासासाठी. पुढे ती दूरच्या शहरी नोकरीला गेली, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या तिच्या आईने तिच्या आणि आमच्या शहरावर एकेक टाचणी टोचली. मला दुखलं, पण बढती मिळाल्यासारखंही वाटलं. माझ्या अंगावरचं एक बोट म्हणजे विमानाचा साधारण एक तास, हे गणित बाबांनी बसवलं होतं. लेक निघाली की आई दोरा घ्यायची. कापड बेतायची सवय, म्हणून छापलेल्या आडव्या रेघेवरूनच तो दाबत दाबत न्यायची आणि बोटं मोजायची. विमान नेहमी तिच्या हिशेबाआधी पोचायचं.

"पायलट चांगला होता," ती म्हणायची.

तेवढे तास ती फक्त माझी असायची.

मग मोबाईल आला. त्यात लेक बोलायची, तिचं बाळ हसायचं. मोबाईलला उशाशी जागा, मऊ कापडाने पुसणं. मी कपाटावर. त्याची बॅटरी कायमची बसावी, एवढंच मी वरून मागत होतो.

यंदा लेक पहिल्यांदाच बाळाला घेऊन निघाली. तो प्रवास दाखवायचा मानही मोबाईललाच. काचेवर पिटुकलं विमान सरकत होतं. बघता बघता आईचा चेहरा उतरला.

"अहो, हे वर कुठे चाललंय? सरळ यायचं सोडून बर्फाकडे वळलंय."

"अगं, चालवणाऱ्याला कळतं."

"तुम्हीही बस चालवायचात की. आपल्याच लग्नाला रस्ता चुकलात ना? पोर आहे हो त्यात."

बाबा उठले. स्टुलावर चढून त्यांनी मला खाली आणलं. गंजक्या टाचण्या जागच्या जागी होत्या. त्यांनी एकीला दोरा बांधला, दुसरीपर्यंत नेला आणि खेचला. दोरा ताठ होताच रेघ सोडून आपणहून वर सरकला, थेट बर्फावर.

"बघ. जवळचा रस्ता हाच. मोबाईलमध्ये जग सपाट पसरलंय, म्हणून वाकडा दिसतो."

आईने बोटं मोजली. आधीपेक्षा कमी भरली.

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाच पायलटचं कौतुक केलं," ती म्हणाली आणि कितीतरी वेळाने पाठ टेकून बसली.

मी मोबाईलकडे तिरकं बघून घेतलं.

संध्याकाळी बाळ घरी आलं. आईने त्याला मांडीवर घेतलं ते घेतलंच. मोबाईल माझ्याशेजारी पालथा पडला होता. वाजला तरी कुणी बघेना. पहिल्यांदाच तो मला आपला वाटला. आता आम्ही दोघं मिळून त्या बाळावर जळतो.

मित्रांनो, घर आवरताना मला भंगारात देऊ नका. जमलं तर धूळ पुसा, पण टाचण्या तेवढ्या राहू द्या. बाळाची परतीची तारीख ठरलेली आहे. त्या दिवशी आईला दोरा धरायला काहीतरी लागेल.