पाणी ओसरल्याचा निरोप

इगतपुरीपलीकडच्या आमच्या वाडीवर तीन दिवस पाऊस कोसळत होता. नदीकाठची चौदा घरं माझ्या शाळेत राहायला आली होती. पटावर नसलेली एवढी माणसं वर्गात मी पहिल्यांदाच पाहिली.

चौथ्या सकाळी तालुक्याहून योगेशचा फोन आला. आपत्तीची माहिती तो गोळा करतो.

"सर, पुलापाशी पाणी सहा फूट उतरलं. लोकांना घरी सोडा."

पाऊस तसाच पडत होता, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

रवी लगेच गाठोडं बांधू लागला. त्याची चुलती साळूबाई पायरीवरून हलेना.

"काकू, ऊठ की! का शाळेतली खिचडी लय गोड लागली?"

"गप रे. रातभर धो धो पडतोय आन् नदी आटली? पाणी गेलं कुठं?"

"खाली गेलं आसंल."

"खाली जाताना तुला दिसलं का? वर घळीत दरड पडली आसंल. पाणी तिथंच साठतंय. फुटलं की येईल एकदम."

मी योगेशला हे सगळं सांगितलं.

"दरड कुणी पाहिली?"

"वर घळीत दाट धुकं आहे, तिथलं काहीच दिसत नाही."

"मग अवघड आहे, सर. फॉर्ममध्ये दोनच रकाने आहेत, पाणी वाढलं आणि पाणी ओसरलं. तुमचं ओसरलंय ना?"

वीस वर्षं मी मुलांना खरं लिहायला शिकवलं. मोबाईलवर लिहिलं, 'नऊ वाजता पाणी झपाट्यानं वाढत आहे.' मिनिटभरात उत्तर आलं, 'लोकांना हलवू नका.'

"गुर्जी, नदीत तर दगडं दिसत्यात!" रवी ओरडला.

"दिसू देत," म्हणून मी फाटकाला कुलूप लावलं. रवी मला जे बोलला, ते पाठ्यपुस्तकात नाही.

अडीच वाजता आधी आवाज आला, मग चिखल, मग मुळांसकट झाडं. चौदापैकी अकरा घरं गेली. रवी फाटकाला धरून माणसं मोजत होता. दोनदा मोजली. सगळी होती.

योगेशचा पुन्हा फोन. "सर, तुमची माहिती अगदी अचूक निघाली. फक्त वेळ चुकलीय. नऊचे अडीच करू?"

"करा."

रवी पायरीपाशी येऊन उभा राहिला. "काकू, तुझं घर…"

"दिसलं मला," साळूबाई म्हणाली, आणि त्याला बसायला जागा करून दिली.