सुनेनं नाकारलेला दुधाचा डबा

माझ्या हातची वस्तू आजवर कुणी परत केली नव्हती. सुनेनं केली, तीही चारचौघांत, आणि मी मेली टाळ्या पिटत बसले!

सून प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींवर काम करते. आज प्रयोगाच्या फोटोत रेघ दिसली नाही तर हे काम बंद, असं तिच्या सरांनी बजावलं होतं. आधीचा प्रत्येक फोटो काळाकुट्ट आलेला. सकाळी तिचा फोन, "आई, इथली दूध पावडर संपलीय. आणता?" चांगल्यातला चांगला डबा घेऊन मी हजर.

"प्रयोगाला दूध कशाला गं?"

"या कागदावर पेशीतली प्रथिनं आहेत. माझं शोधणारं औषध चिकटतं तिथे फोटोत काळं उमटतं. मोकळ्या जागेला ते चिकटू नये म्हणून कागद दुधात बुडवायचा. इथे सगळे तसंच करतात."

"आणि शोधतेस काय?"

"पेशीला निरोप आला की किनेज नावाच्या एन्झाइमांचं घराणं प्रथिनांवर फॉस्फेटचा ठिपका लावतं, की काम सुरू. फॉस्फेटेजचं घराणं तो पुसतं, की काम बंद."

"हे तर आपलंच घर! मी दिवे लावायचे, तुझ्या सासऱ्यांनी मागून विझवत फिरायचं."

हसत हसत तिनं झाकण उघडलं, चमचा उचलला. "माझं औषध तो ठिपका बरोबर हुडकतं, आई. मग तो कुठल्याही प्रथिनावर..." चमचा हवेतच राहिला. "अगं बाई! दुधातल्या प्रथिनावरही असेच ठिपके असतात! औषध दुधालाच चिकटत होतं. म्हणून सगळं काळं!"

"माझ्या दुधात खोट नाही हं!"

"नाही ना, म्हणूनच नको!" सगळ्यांसमोर डबा बाजूला सारून ती फ्रिजकडे पळाली आणि बिनठिपक्यांच्या प्रथिनाची पावडर काढली.

मी फुगून स्टुलावर बसले. पण तिचे हात बघता बघता राग कुठे गेला कोण जाणे. बुडव, हलव, धू, पुन्हा धू. दुपार कलली. सर येऊन पाठीशी उभे राहिले. मशीनच्या पडद्यावर नुसतं पांढरं. मग एक बारीक रेघ उमटली, गडद होत गेली. निरोप दिलेल्या पेशींच्या जागी ठसठशीत, बाकी कोरं!

"दिसली!" सून किंचाळली आणि माझ्या गळ्यातच पडली. मी आपली टाळ्या पिटतच राहिले.

सर म्हणाले, "काम चालू ठेवा."

"ठेवणारच," मी म्हटलं. "बाहेरच्या खोलीत कपबशा आहेत का? चहा करते सगळ्यांना. डबा काही मी घरी परत नेणार नाही."