आवणीतलं नाव

बायको अंबाबाई गेल्यापासून धर्माजीपुढं कुणी तिचं नाव काढत नसे. त्याच्याही आत काही हलत नव्हतं. घाटघरच्या धुक्यात, त्याच्या खाचरात बायका भाताची रोपं लावत आवणी करत होत्या आणि साळुबाई गात होती. गाण्यात मालक-मालकिणीची नावं गुंफायची रीत होती. सवयीनं तिनं अंबाबाईचं नाव गुंफलं आणि एकदम थांबली.

"चुकलं, भाऊ."

"चुकलं न्हाई. म्हण पुढं."

इतकी वर्षं साळुबाईचा आवाज नुसता कानांवरून गेला होता. आज धर्माजी बांधावर बसून ऐकू लागला. धुक्यात ती दिसत नव्हती. डोळे कोरडेच राहिले. गाणं संपत आलं तसा तो म्हणाला, "वरचं खाचर राहिलंय अजून. तितंबी हेच म्हण."