‘खरखर’ची वीस वर्षं

लहानपणी बोलताना त्याचा शब्द मध्येच अडायचा, म्हणून गल्लीतल्या पोरांनी त्याला रेडिओ म्हणायला सुरुवात केली. ‘स्टेशन लागत नाही, कान पिळा!’ असं ओरडत ती मागे लागायची. पुढे तो रॅप करू लागला तेव्हा त्यानं तेच नाव ऐटीत मिरवलं. तालावर चढला की गडी सुसाट सुटायचा, एक अक्षर अडायचं नाही.

थोरल्या बहिणीचं, ताईचं, सलून होतं. त्याच्या मागच्या खोलीत भिंतींवर टॉवेल टांगून दोघांनी ‘खरखर’ हा अल्बम केला. शब्द आणि संगीत त्याचं, ध्रुवपदं ताईच्या गळ्यातली. एकाही कंपनीनं दारात उभं केलं नाही, तेव्हा सीडी घरीच भरल्या आणि काउंटरवर शाम्पूच्या बाटल्यांशेजारी मांडल्या. बघता बघता गाणी कानोकानी गावभर झाली.

अल्बमला वीस वर्षं होत आली आणि एका छोट्या रेकॉर्ड कंपनीची मालकीण सलूनमध्ये येऊन बसली. ताई कात्री घेऊन पुढे झाली, तर ती म्हणाली, “केस राहू द्या. मला ‘खरखर’ पुन्हा काढायचाय. मोठ्या तबकडीवर, थाटात. आणि शेवटी तुम्हा दोघांच्या गप्पा हव्यात.”

ताईनं कोपऱ्यात बसलेल्या रेडिओकडे पाहिलं. गाण्यात तो वाघ होता, पण गप्पांत? रेडिओ मात्र “करू” म्हणून मोकळा झाला.

स्टुडिओत तो पहिल्याच आठवणीवर अडकला. जबडा आवळला, मान ताठली. पुढचा शब्द ताईच्या अगदी जिभेवर होता. घरात त्याची वाक्यं पुरी करायची तिला सवयच होती. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. शब्द आला, सावकाश आला, आणि मग अख्खी गोष्ट आली.

साउंडवाला भला माणूस. त्यानं खपून ते बोलणं साफसूफ केलं आणि दोघांना ऐकायला बोलावलं. स्पीकरमधून रेडिओ घडाघडा बोलत होता, बातम्या दिल्यासारखा. ताईला भरून आलं. “आईनं हे ऐकायला हवं होतं रे,” ती म्हणाली.

रेडिओनं भुवया उंचावल्या. “बोलतो झकास. पण को... को... कोण आहे हा?”

“अहो, तुम्हीच!” साउंडवाला हसला. “अडलेलं तेवढं काढलं. ऐकणाऱ्यांना त्रास नको.”

“मला स... सवय झाली. त्यांनाही हो... होईल. परत घाला.”

“लोक हसले तर?” ताईनं विचारलं.

“हसू दे. गाण्यात मी कसा प... पळतो ते सगळ्यांनी ऐकलंय, ताई. कु... कुठून पळतो तेही ऐकू दे की.”

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. शाळेच्या फाटकापर्यंत आपलं बोट न सोडणारा हाच का तो? आपण थोरल्या आहोत हे तिला क्षणभर खरंच वाटेना. “घाला हो परत,” ती साउंडवाल्याला म्हणाली. “सगळंच्या सगळं.”

तबकडी आली त्या संध्याकाळी रेकॉर्डच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गाणी वाजली तेव्हा लोक नाचले. मग गप्पा लागल्या, आणि रेडिओचा आवाज अडला. मागून एक जण खुदकन हसला. बाकी कुणी हललं नाही. सगळं दुकान त्या एका शब्दासाठी थांबून राहिलं, आणि तो आला तेव्हा ज्या टाळ्या पडल्या, त्या गाण्यांनाही पडल्या नव्हत्या. ताईनं खुशाल पदरानं डोळे पुसले.

“दुसरा अल्बम कधी?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

“ता... ताईला विचारा. खोली ति... तिची आहे.”

सगळ्या माना ताईकडे वळल्या. गळा आता पहिल्यासारखा राहिला नाही, असं सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि म्हणाली भलतंच. “सोमवारी सलून बंद असतं. सकाळीच ये.”